चंपीवाला ‘सर्जन’

बाथरूममधली शॅम्पूची बाटली आठवा. ‘शॅम्पू’ हा शब्द साहेबाचा, असं वाटतं ना? तो मुळात आपल्याकडचा आहे. हिंदीतलं ‘चाँपो’, म्हणजे दाब, चेप. आजी ‘जरा पाय चेपून दे गं’ म्हणते, ते चेपणंही याच्याच नात्यातलं. हा शब्द इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा केस धुण्याशी काही संबंध नव्हता. अंग रगडून घेणं, एवढाच त्याचा अर्थ. आणि या अर्थाने तो इंग्लंडभर गाजवला तो पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमदने.

जन्म १७५९चा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. ते लढाईत गेले तेव्हा पोरगा जेमतेम दहा-अकरा वर्षांचा. तुम्ही ज्या वयात सातवीच्या स्कॉलरशिपची पुस्तकं घोकत होता, त्या वयात तो गॉडफ्रे बेकर नावाच्या आयरिश अधिकाऱ्यामागोमाग छावणीत दाखल झाला. पुढे बेकरने नोकरी सोडली आणि मायदेशी निघाला. दीन महंमदही बोटीत बसला. १७८४मध्ये तो आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात उतरला, पंचविशीच्या उंबरठ्यावर.

तिथे त्याने इंग्रजी पक्कं केलं. जेन डेली या आयरिश मुलीशी पळून जाऊन लग्न केलं. १७९४मध्ये स्वतःच्या हिंदुस्थानातल्या प्रवासांचं पुस्तक काढलं. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेलं हे पहिलं पुस्तक मानतात. पुढे लंडनला गेल्यावर १८१०मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर हॉटेल टाकलं: हिंदुस्थानी जेवण, वेताचे कोच, हुक्का, सगळा थाट. दोन वर्षांच्या आत दिवाळं वाजलं. पन्नाशी उलटलेली, पदरात पोरंबाळं, आणि हा गृहस्थ पेपरात जाहिरात देतोय की कुणाच्या घरी नोकरचाकरांवर देखरेखीचं काम मिळेल का.

गोष्ट इथे संपली असती तरी चालण्यासारखं होतं. पण हॉटेल काढण्याआधी लंडनमध्ये त्याने बेसिल कॉक्रेन या धनाढ्य माणसाकडे काम केलं होतं. कॉक्रेनने हिंदुस्थानात कंत्राटं घेऊन पैसा केला होता आणि आता घरात वाफेचं स्नानगृह उघडलं होतं. त्या वाफेला दीन महंमदने चंपीची जोड दिली. ती कला त्याच्या हातातच होती. १८१४मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, तो जेनला घेऊन समुद्रकाठच्या ब्रायटन गावात गेला आणि नव्याने दुकान मांडलं.

पद्धत अशी. हिंदुस्थानी वनस्पती आणि सुगंधी तेलं घातलेल्या वाफेत माणसाला बसवायचं, घाम फुटू द्यायचा. भोवती फ्लॅनेलचा तंबू, त्याला बाहेरून आत शिरणाऱ्या बाह्या. चोळणारा बाहेर उभा, फक्त त्याचे हात आत. गोऱ्या साहेबाची अब्रू राखून अंग रगडायची ही युक्ती मला भारी वाटते. बायकांची बाजू जेन सांभाळायची.

वाफेत नेमकं काय घालायचा, हे त्याने कुणाला कळू दिलं नाही. पण ज्या मुलखातून तो आला, तिथलं शास्त्र गुपित नाही. बनारसच्या पलीकडचं गाझीपूर, जौनपूर हा सारा पट्टा फुलांच्या तेलांसाठी नावाजलेला. तिळाचे दाणे आणि चमेलीची ताजी फुलं थरावर थर लावून ठेवायची, फुलं बदलत राहायची, आणि वास प्यायलेले तीळ घाण्यात घालायचे. यालाच फुलेल म्हणतात. फुलाच्या वासातले कण पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात, म्हणून हे जमतं.

तुमच्याकडे घाणा नसेल, पण वाटी आहेच. मोगऱ्याच्या कळ्या फडक्यावर पसरून वरचं पाणी पूर्ण सुकवा. पाणी राहिलं की तेल खवट होतं, इथेच बहुतेकांचं फसतं. कोमट तिळाच्या तेलात बुडवून झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी फुलं काढा, नवी घाला. चार-पाच दिवस असं केल्यावर गाळून घ्या. गॅसवर थेट तापवू नका, वास उडून जातो. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवली की पुरे. बाजारातला तयार अर्क वापरणार असाल तर शंभर मिली तेलाला दोन मिलीच्या वर जाऊ नका. तो नुसता त्वचेला लावला तर भाजल्यासारखी आग होऊ शकते. आधी मनगटाच्या आत थेंबभर लावून दिवसभर वाट बघा. आणि मग चोळा, घाई न करता.

ब्रायटनमध्ये लोक आधी हसले. मग सांधे धरलेले, संधिवाताने वाकलेले येऊ लागले. बऱ्या झालेल्यांनी मागे ठेवलेल्या कुबड्या तो दिमाखात मांडून ठेवायचा. आजचे रिव्ह्यू म्हणजे दुसरं काय? राजा चौथा जॉर्ज गिऱ्हाईक झाला, त्याच्यामागून चौथा विल्यम. दरबारातून पद मिळालं ‘शॅम्पूइंग सर्जन’चं. १८२२मध्ये या उपचारावर त्याने पुस्तकही काढलं.

त्या पुस्तकात मात्र गडबड आहे. त्यात त्याने जन्मसाल दहा वर्षं मागे, १७४९ असं लावलं. का? त्या जादा वर्षांत आपण वैद्यकीचं शिक्षण घेतलं, असं सांगता यावं म्हणून. कसलं शिक्षण! ती वर्षं छावणीत गेली होती. पण विचार करा, नुसता चांगला चोळणारा म्हणून त्या समाजाने त्याला दारात तरी उभं केलं असतं का? त्याला लोकांनी बोलावलं ते हातांमुळे, आणि मान दिला तो कागदावरच्या बनावट दशकामुळे. मी त्याची बाजू घेणार नाही. सर्जन म्हणवून घेणाऱ्यावर विश्वास टाकून येणारे आजारी लोक होते, आणि चंपीने सगळे रोग जातात हा दावा तेव्हाही खोटाच होता. पण आखडलेलं अंग मोकळं करणारे हात खरे होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या.

शेवट फार थाटाचा नाही. राणी व्हिक्टोरियाला ब्रायटन रुचलं नाही, मोठी मंडळी पांगली. स्नानगृहाची इमारत त्याच्या मालकीची नव्हती, तीही हातची गेली; मग लहानशा जागेत काम चालू राहिलं. १८५१मध्ये तो ब्रायटनलाच वारला. तिथल्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्याची कबर आहे.

तेव्हा त्याचा एक नातू दोन वर्षांचाही नव्हता. फ्रेडरिक अकबर महोमेद. हा लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकी शिकला, खरीखुरी. विद्यार्थी असतानाच त्याने नाडीचा आलेख काढणाऱ्या यंत्रात सुधारणा केली, आणि मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या माणसालाही उच्च रक्तदाब असू शकतो, हे दाखवून देणाऱ्या पहिल्या डॉक्टरांत त्याचं नाव घेतलं जातं.