लेकीला विलायतेत ठेवून रमाबाई अमेरिका फिरल्या, पण आईपणाचा हक्क त्यांनी कुणालाच दिला नाही

भिगवणहून करमाळ्याकडे जाताना उजनीच्या पाण्यात डिकसळचा जुना ब्रिटिशकालीन पूल लागतो. हा पूल मुळात रेल्वेचा. उजनी धरण झालं, पाणी चढलं, रूळ दुसरीकडे हलवले आणि पूल रस्त्यासाठी राहिला.

धरणाच्या आधी याच मार्गावर एका टोकाला केडगावात एक आई संस्था चालवत होती आणि दुसऱ्या टोकाला गुलबर्ग्याला तिची लेक शाळेचं काम बघत होती. आई म्हणजे पंडिता रमाबाई. लेक म्हणजे मनोरमा.

भिगवणचा मासळी बाजार असो नाहीतर कंदरच्या केळीच्या बागा, कामाला निघालेल्या बाईसमोर आजही पहिला प्रश्न असतो, लेकरू कुणाकडे ठेवायचं? सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी रमाबाईंसमोरही हाच प्रश्न होता.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्या काळात बायकोला संस्कृत शिकवलं होतं, म्हणून गावकीचा रोष पत्करला होता. वडील थकले तेव्हा आई लक्ष्मीबाईंनी रमाला शिकवायला घेतलं. दिवसभर घरकाम, म्हणून पहाटे पोरीला उठवायचं आणि पाठ द्यायचा. कामही करायचं आणि लेकीला शिकवायचंही, हे रमाबाईंनी आईकडूनच पाहिलं.

पुढे दुष्काळात आईवडील गेले. भावासोबत पायी फिरत फिरत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. भाऊही वारला. त्यानंतर १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर जाऊन लग्न केलं. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबू गेले.

वय २३, कडेवर वर्षाच्या आतली पोर, सासर-माहेर दोन्हीकडे आधार नाही.

त्या काळच्या विधवेने घराच्या कोपऱ्यात बसावं अशी अपेक्षा होती. रमाबाई पोरीला घेऊन पुण्याला आल्या. त्याच वर्षी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि हंटर कमिशनसमोर साक्ष दिली. बायकांना स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षिका हव्यात, ही मागणी त्यांनी तिथे मांडली. तेव्हा मनोरमा दीडएक वर्षाची होती.

आता त्यांना स्वतःलाच डॉक्टर व्हायचं होतं. १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमाला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजला ख्रिस्ती जोगिणींच्या मठात राहिल्या. ऐकायला कमी येत असल्याने डॉक्टरकीचा बेत फसला. त्याच वर्षी मायलेकींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला.

त्यानंतर चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतःही शिकू लागल्या. मनोरमाला बरेचदा वाँटेजला जोगिणींच्या स्वाधीन करावं लागे. खरा पेच इथे पडला. पोर सांभाळणाऱ्यांना वाटायचं की तिला आपल्या पद्धतीने घडवावं. रमाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. सांभाळल्याचे उपकार त्या मानत होत्या, पण लेकीला काय शिकवायचं, कसं वाढवायचं हे ठरवायचा हक्क त्यांनी सोडला नाही. मनोरमा मोठी होऊन मायदेशी जाईल तेव्हा तिथल्या लोकांना ती परकी किंवा वरचढ वाटू नये, ती त्यांच्यातलीच एक असावी, असा त्यांचा आग्रह होता. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी या विषयावर त्यांचे पत्रांतून खटके उडत राहिले.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या मनोरमाला घेऊन फिलाडेल्फियाला गेल्या. मुक्काम लांबत गेला. गावोगाव व्याख्यानं, निधी गोळा करणं, पुस्तक लिहिणं आणि लहान मुलांच्या शिक्षणाची बालोद्यान पद्धत शिकणं, हे सगळं पाच वर्षांच्या पोरीला घेऊन जमेना. शेवटी त्यांनी मनोरमाला इंग्लंडला परत पाठवलं. स्वतः मात्र १८८८ पर्यंत अमेरिकेत राहिल्या.

या ताटातुटीच्या काळात १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं गाजलेलं इंग्रजी पुस्तक आलं. ते त्यांनी आपल्या आईच्या, लक्ष्मीबाईंच्या स्मृतीला अर्पण केलं. त्याच वर्षाच्या शेवटी बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि भारतातल्या शाळेला १० वर्षं पैसा पुरवायचं ठरलं.

मग ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं. इथल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायकांना आणलं. त्यांच्यासाठी दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. पोर पदरात असलेल्या बाईलाही इथे जागा होती. शिक्षण, छापखाना, शेती, विणकाम अशी कामंही तिथेच होती. पोर कुठे ठेवू आणि कमवू कशी, या दोन्ही प्रश्नांची सोय एकाच आवारात झाली.

मनोरमाचं काय झालं? ती शिकली, अमेरिकेला जाऊन आली, शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली. १९१२ च्या सुमारास गुलबर्ग्याला शाळा काढताना आईच्या बरोबरीने राबली. केडगाव, दौंड, जेऊर, कुर्डुवाडी, सोलापूर करत गाडी गुलबर्ग्याला जायची. मायलेकींचं काम आता या एकाच रुळावर आलं होतं.

रमाबाईंनी आपल्यानंतर मुक्तीची धुरा मनोरमावर सोपवायचं ठरवलं होतं. पण १९२१ मध्ये चाळिशीतच मनोरमा गेली. नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाईही गेल्या.

रमाबाईंना सगळं साधलं असं म्हणता येत नाही. लेकीच्या बालपणातली काही वर्षं त्यांच्या हातून निसटली, ती परत आली नाहीत. पण कामासाठी आईपण सोडायचं की आईपणासाठी काम, असा सौदा त्यांनी मान्य केला नाही. आणि जो आधार त्यांना स्वतःला परक्या देशात, परक्यांच्या अटींवर घ्यावा लागला, तो इथल्या बायकांना त्यांनी भीमेच्या खोऱ्यात, मायदेशी उभा करून दिला. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.