अण्णासाहेब कर्वे यांचे विद्यार्थिजीवन

कोकणात दापोलीजवळ समुद्रकाठी मुरुड नावाचे एक लहानसे गाव आहे. नारळीपोफळींच्या बागा, दुर्गादेवीचे देऊळ आणि एक मराठी शाळा, एवढेच त्या काळी तेथील वैभव होते. पुढे महर्षी म्हणून ख्यातनाम झालेले धोंडो केशव कर्वे याच शाळेत शिकले. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, शेरवली येथे झाला. वडील केशवपंत यांची मिळकत बेताची होती. परंतु घरी स्वाभिमान मोठा होता.

त्या वेळी मराठी सहाव्या इयत्तेची एक सरकारी परीक्षा असे. ती उत्तीर्ण झालेल्यास शिक्षकाची किंवा कचेरीतील लहानशी नोकरी मिळे. वयाची सतरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून मात्र तीस बसता येत नसे. १८७५ साली धोंडोपंतांनी या परीक्षेसाठी साताऱ्यास जाण्याचे ठरविले. भाद्रपदाचे दिवस, पावसाळ्यामुळे आगबोटी बंद. तेव्हा हा मुलगा सोबत्यांसह पायीच निघाला. शंभराहून अधिक मैलांची वाट, भरून वाहणारे ओढे आणि मध्ये सह्याद्रीचा कुंभार्ली घाट! भिजत, चिखल तुडवीत ही मंडळी साताऱ्यास पोहोचली.

पण तेथे निराळेच घडले. धोंडोपंतांची अंगकाठी लहानखुरी होती. त्यांना पाहून परीक्षा-समितीच्या प्रमुखांस ते सतरा वर्षांचे वाटेचनात. जवळचा दाखलाही उपयोगी पडला नाही. परीक्षेस न बसताच त्यांना परतावे लागले. मुलांनो, नापास होऊन परतणे एक वेळ सोसवते. परंतु प्रश्नपत्रिका पाहावयासही न मिळता तोच घाट पुन्हा उतरणे किती जड गेले असेल, याची कल्पना करा. दुसऱ्या वर्षी ते कोल्हापूरच्या केंद्रावर बसले व उत्तीर्ण झाले.

आता नोकरीचा मार्ग मोकळा होता. लग्नही झालेले होते. परंतु धोंडोपंतांचे मन एवढ्यावर संतुष्ट होईना. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले होते. त्याच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळण्यास मॅट्रिक व्हावे लागे, आणि मॅट्रिकची वाट इंग्रजी शाळेतूनच जात असे. तेथे केवळ इंग्रजी हा एक विषय शिकून भागत नसे. वरच्या इयत्तांत गणित आणि इतिहासही त्याच भाषेतून समजून घ्यावे लागत. मराठीतून जे उत्तम येत होते, ते जणू पुन्हा नव्याने शिकणे आले. इतर मुले दहाव्या-अकराव्या वर्षी जी मुळाक्षरे गिरवीत, ती धोंडोपंतांनी जवळजवळ अठराव्या वर्षी हाती घेतली. मोठा मुलगा लहानांच्या बाकावर बसला म्हणजे त्याला किती संकोच वाटतो, हे मी शिक्षक या नात्याने अनेकदा पाहिले आहे.

आरंभीचे पाठ मुरुडलाच झाले. पुढे ते रत्नागिरीच्या हायस्कुलात गेले. पण प्रकृती बिघडल्यामुळे तेथून परतावे लागले. तरीही त्यांनी नाद सोडला नाही. १८७८ साली त्यांनी मुंबई गाठली व रॉबर्ट मनी शाळेत नाव घातले. शहरातील खर्च घरच्या पैशांवर भागणारा नव्हता. म्हणून स्वतः शिकत असतानाच ते इतर मुलांच्या शिकवण्या करीत. अखेर १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए.

१८९१ साली ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पहिल्या पत्नी राधाबाई निवर्तल्यावर त्यांनी १८९३ साली गोदूबाई या शारदा सदनात शिकलेल्या विधवेशी विवाह केला. त्याबद्दल मुरुडच्या लोकांनी त्यांस वाळीत टाकले. ज्या गावाने अक्षरे शिकविली, त्याच गावाचे दार बंद झाले. त्यांनी वाद घातला नाही. १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला व पुढे तो हिंगण्यास नेला.

१९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. तेथे एक योजना त्यांनी मुद्दाम केली: सर्व विषय मुलींच्या मातृभाषेतून शिकवावयाचे, इंग्रजी आवश्यक खरे, परंतु एक विषय म्हणून. इंग्रजीच्या द्वेषाने केलेली ही योजना नव्हती. परभाषेतून गणित शिकताना विद्यार्थ्याची किती शक्ती भाषेतच खर्ची पडते, हे ज्याने स्वतः भोगले होते, त्याचा हा निर्णय होता, असे मला वाटते. पुष्कळ विद्वानांना ही योजना तेव्हा पटली नाही.

१९२९ साली अण्णा परदेशच्या प्रवासास निघाले. वय एकाहत्तर वर्षांचे. युरोप, अमेरिका व जपान या देशांत हिंडून त्यांनी आपल्या विद्यापीठाची माहिती सभांतून सांगितली, आणि ती सांगितली त्याच इंग्रजीत, जिची मुळाक्षरे त्यांनी इतक्या उशिरा गिरविली होती. १९५८ साली, त्यांच्या वयास शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले.