विजय सॅम्युएल हजारे

विजय हजारे करंडकाचे सामने आले की सायलीकडील आमच्या शब्बाथशाळेतील मुलेही धावांचे आकडे तोंडपाठ सांगतात. पण ज्यांच्या नावाचा हा करंडक, ते मराठी ख्रिस्ती घरातले होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून शिक्षक बंधुभगिनींसाठी हा अल्प परिचय देत आहोत.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीस झाला. वडील शाळामास्तर, घरात आठ मुले. देवासच्या महाराजांनी त्यांचे गुण हेरले आणि ऑस्ट्रेलियाचे नामांकित गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांच्या हाताखाली शिकण्याची संधी त्यांना मिळाली. पुढे ते बडोद्यास स्थायिक झाले.

त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन असे संघ. ख्रिस्ती, यहूदी वगैरे जे उरले त्यांचा संघ ‘रेस्ट’, म्हणजे बाकीचे! १९४३ सालच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. ‘बाकीचे’ १३३ धावांत आटोपले. त्यांत हजारे यांच्या ५९. फॉलोऑननंतर संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजारे यांच्या. तरी आम्हांला विशेष कौतुक वाटते ते त्यांचे बंधू विवेक यांचे. दोघा भावांनी ३०० धावांची भागी केली. तीत विवेक यांच्या अवघ्या २१. मोशेचे हात सावरून धरणाऱ्या अहरोन व हूर यांचा पाठ घेताना शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. सामना मात्र एक डाव व ६१ धावांनी गेलाच.

मार्च १९४७ मध्ये, देशाची फाळणी तोंडावर आली असता, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून हजारे व गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली. एक ख्रिस्ती, एक मुसलमान. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले. हा विक्रम २००६ पर्यंत टिकला.

जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडच्या कसोटीत हजारे यांनी ११६ व १४५ धावा काढल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात लिंडवॉलच्या माऱ्यापुढे सहा गडी शून्यावर गेले. सामना हरलोच, पण याच सामन्यात ब्रॅडमनचा २०१ वर त्रिफळा उडवला होता तोही हजारे यांनीच.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारे होते. स्वभाव अबोल, कर्णधारपदाच्या ओझ्याने त्यांच्या फलंदाजीचे नुकसान झाले, असे विजय मर्चंट यांचे मत होते. आम्हांलाही ते पटते. तरी ३० कसोटींत २,१९२ धावा व ७ शतके ही काही लहान कमाई नव्हे.

१९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यास ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.