गाईच्या रक्तातून आलेली गोळी: कार्ल लिंक आणि तुमची जुनी रिअ‍ॅक्शन

तुमच्या घरी कुणाची हृदयाची झडप बदलली असेल किंवा पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल, तर वॉर्फरिन किंवा अ‍ॅसेनोकुमेरॉल ही नावे तुमच्या कानावर आली असतील. आपण तिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो. खरे तर रक्त पातळ होत नाही. यकृतात व्हिटॅमिन 'के'च्या मदतीने बनणारे गोठण्याचे घटक कमी होतात, म्हणून रक्त गोठायला उशीर लागतो. सातारा-सांगलीकडच्या, घरात जनावरे असलेल्या वाचकांना या गोळीचा उगम चटकन समजेल, कारण तो खराब वैरणीत आहे.

कार्ल पॉल लिंक यांचा जन्म १९०१ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात, ला पोर्ट येथे झाला. वडील धर्मोपदेशक, घरात दहा भावंडे. विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९२५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, पुढील शिक्षणासाठी ते युरोपात गेले आणि तिथेच त्यांना क्षयाने गाठले. बरे होऊन ते परतले आणि त्याच विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवू लागले.

फेब्रुवारी १९३३. बर्फाचे वादळ सुरू असताना एड कार्लसन नावाचा शेतकरी सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आला. सोबत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त आणि 'स्वीट क्लोव्हर'ची वैरण. ही वनस्पती आपल्या मेथीघासाच्या नात्यातली. ती ओली राहून बुरशी धरली की जनावरांना रक्तस्राव होतो, हे पशुवैद्यांना आधीच ठाऊक होते. पण बुरशीने त्यात नेमके काय तयार होते, हे कुणाला सापडले नव्हते. पशुवैद्यकीय कार्यालय बंद असल्याने कार्लसन लिंक यांच्या दारात पोचला. त्या दिवशी त्याला देण्यासारखे त्यांच्याकडे काहीच नव्हते. वैरण बदला, जमल्यास जनावराला दुसऱ्याचे रक्त द्या, एवढेच.

तो पदार्थ शोधायला सहा वर्षे लागली. १९३९ मध्ये सहकारी हॅरॉल्ड कॅम्पबेल यांनी त्याचे स्फटिक वेगळे केले. तोच डायकुमेरॉल, आणि थोड्याच काळात तो माणसांच्या गुठळ्यांवर वापरला जाऊ लागला.

तुमच्या दृष्टीने मला महत्त्वाचे वाटते ते याच सुमाराचे दुसरे काम. १९४३ मध्ये लिंक यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की अ‍ॅस्पिरिनच्या वर्गातील सॅलिसिलिक अ‍ॅसिडनेही उंदरांच्या रक्तातील गोठण्याचा घटक कमी होतो. शिवाय अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटचे काम बिघडवते आणि जठराला इजा करते. म्हणून गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली साधी गोळी आणि वॉर्फरिन एकत्र आले की काळी शौच होऊ शकते. पूर्वी वेदनाशामक गोळीने तुम्हाला असे झाले असेल, तर ती गोष्ट 'जुनी झाली' असे समजू नका.

१९४५ मध्ये लिंक पुन्हा क्षयाने आजारी पडले आणि काही महिने आरोग्यधामात राहिले. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला ज्यांचे आजोबा-पणजोबा राहून आले, त्यांना त्या सक्तीच्या विश्रांतीची कल्पना येईल. अंथरुणावर ते उंदरांच्या बंदोबस्ताचा इतिहास वाचत राहिले आणि बाहेर पडल्यावर डायकुमेरॉलच्या भावंडांपैकी एक निवडले: वॉर्फरिन. १९४८ मध्ये ते उंदीर मारायचे औषध म्हणून बाजारात आले. १९५१ मध्ये सैन्यातील एका तरुणाच्या पोटात ते मोठ्या प्रमाणात गेले. व्हिटॅमिन 'के' आणि रक्त देऊन तो वाचला. उतारा हाताशी आहे हे दिसल्यावर डॉक्टरांची भीड चेपली. १९५४ मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिले गेले. लिंक १९७८ मध्ये वारले.

आता तुमचा प्रश्न: पूर्वी एखाद्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली असेल, तर ही गोळी चालेल का? बहुतेकदा चालते. पेनिसिलिनने अंगावर पित्त उठले म्हणून वॉर्फरिन बंद होत नाही. पण तीन गोष्टी आवर्जून सांगा. हेपॅरिनच्या इंजेक्शननंतर प्लेटलेट घसरल्या होत्या का? तसे असेल तर हेपॅरिन पुन्हा द्यायचे नसते, आणि प्लेटलेट सावरण्याआधी वॉर्फरिन सुरू करणेही धोक्याचे. वॉर्फरिनच्या पहिल्या काही दिवसांत कातडी दुखून काळी पडली होती का? हे क्वचित होते, पण गंभीर असते. आणि कुठल्या औषधाने रक्तस्राव झाला होता का?

सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तीही लिहून ठेवा. ज्यांना ती नाही, त्यांनाही लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सल्फाची गोळी दिली की आयएनआर एकदम वाढू शकतो. त्या आठवड्यात तपासणी लवकर करावी लागते. नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही हे खरे, पण धातूची झडप असलेल्यांना त्या चालत नाहीत. शेजाऱ्याची गोळी बघून आपली बदलू नका, आणि रिअ‍ॅक्शनच्या भीतीने स्वतःहून बंदही करू नका. झडपेवर गुठळी व्हायला फार दिवस लागत नाहीत.

औषधाचे नाव आठवत नसेल, तर जुनी फाईल, रिकामे पाकीट, डिस्चार्ज कार्ड, जे मिळेल ते पिशवीत घालून आणा. मिरज किंवा कराडला दाखवायला जाताना ती पिशवी घरी राहते, असा माझा नेहमीचा अनुभव आहे.