लंडनची हाक
(एस. वाय. बी. ए.)

22 डिसेंबर 2002. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या ब्रूमफील्ड या लहानशा गावी, आपल्या राहत्या घरी, एका गायकाचे हृदय अचानक बंद पडले. त्या हृदयात जन्मापासूनच एक दोष होता आणि पन्नास वर्षे तो कोणाच्याही ध्यानात आला नव्हता! या गायकाचे नाव जो स्ट्रमर. तो गेला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. माझ्या गावात त्याचे नाव कोणी ऐकलेले नाही; आपल्या महाविद्यालयातही ऐकलेले थोडेच असतील. तरीही गेले वर्षभर मला ज्याने सर्वांत जास्त सोबत केली तो हाच. म्हणून मित्रहो, अंकासाठी काहीतरी लिहून दे असे सरांनी सांगितले तेव्हा दुसरा विषय माझ्या मनात आलाच नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गेल्या वर्षी वसतिगृहात राहायला आलो, त्या पहिल्या रात्री सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली. कोणाचे वडील शिक्षक, कोणाचे वकील. माझी पाळी आली तेव्हा माझे वडील कॉन्ट्रॅक्टर आहेत असे सांगून मी मोकळा झालो. ते खरे नव्हते. त्याविषयी पुढे लिहितोच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खोलीतल्या मित्राने आपल्या मोबाईलवर मला एक गाणे ऐकवले. छिन्नीवर हातोडा पडावा तशी गिटार वाजत होती, आणि एक माणूस घसा फाटेल की काय अशा आवाजात गात होता. मराठी माध्यमातून आलेल्या मला एक शब्द कळेल तर शपथ! पण तो माणूस काहीतरी महत्त्वाचे सांगतो आहे एवढे निश्चित कळले. मग शब्दकोश घेऊन मी त्या संपूर्ण अल्बमच्या मागे लागलो. अल्बमचे नाव 'लंडन कॉलिंग', म्हणजे लंडनची हाक; आणि बँडचे नाव 'द क्लॅश'.

जो स्ट्रमर हे त्याचे खरे नाव नव्हे. खरे नाव जॉन ग्रॅहम मेलर. जन्म 21 ऑगस्ट 1952, तुर्कस्तानची राजधानी अंकारा येथे. वडील रोनाल्ड मेलर ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरीला होते, आणि गंमत अशी की त्यांचा जन्म आपल्या लखनौचा! आई ॲना स्कॉटलंडची, शेतकऱ्याची मुलगी. वडिलांच्या बदल्यांमुळे कैरो, मेक्सिको सिटी, बॉन अशा शहरांतून जॉनचे बालपण गेले. वयाच्या नवव्या वर्षी त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला, डेव्हिडला, इंग्लंडमधील एका निवासी शाळेत ठेवण्यात आले. आईवडील परदेशात, भेट क्वचितच. डेव्हिड अबोल होता. पुढे तो वर्णद्वेषी 'नॅशनल फ्रंट'कडे ओढला गेला आणि 1970 साली त्याने आपले जीवन संपवले. जॉन तेव्हा सतरा वर्षांचा होता. हा घाव त्याने आयुष्यभर जपला, पण त्याविषयी तो फारसे बोलला नाही.

त्यानंतर तो लंडनला कलाशाळेत गेला, पण तेथे मन रमेना. भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर वाद्य वाजवून चार पैसे मिळव, वेल्समधील न्यूपोर्ट गावी दफनभूमीत खड्डे खोद, अशी कामे त्याने केली. 1974 साली लंडनमध्ये वॉल्टरटन रोडवरच्या 101 क्रमांकाच्या रिकाम्या घरात तो आणि त्याचे मित्र बिनभाड्याने ठाण मांडून राहिले होते. त्या क्रमांकावरूनच त्यांच्या बँडला नाव मिळाले. तो मूळचा डावखुरा. पण गिटार वाजवायला शिकला तो उजव्या हाताने. नाजूक काम त्याला कधी जमले नाही. सहाच्या सहा तारा एकदम खडखडा छेडायच्या, एवढेच. अशा छेडणाऱ्याला इंग्रजीत जे म्हणतात तेच त्याने आडनाव म्हणून घेतले : स्ट्रमर! स्वतःच्या उणिवेचीच त्याने ओळख केली.

तो काळ इंग्लंडसाठी मोठा कठीण होता. 1976 साली तेथे बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती. त्या वैतागातून पंक रॉक जन्माला आले. वर्षानुवर्षे रियाज नको, महागडी वाद्ये नकोत. गिटारवर बोटे ठेवण्याच्या दोन-तीन रीती आल्या की पुरे. मनात आग मात्र हवी. 3 एप्रिल 1976 रोजी जोच्या बँडआधी 'सेक्स पिस्टल्स' हा नवा बँड वाजला. त्यांना ऐकताच आपण एका रात्रीत जुने झालो हे जोने ओळखले. लवकरच तो मिक जोन्स आणि पॉल सिमोनन यांना जाऊन मिळाला आणि 'द क्लॅश' उभा राहिला. 1978 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध प्रचंड मेळावा भरला. तेथे हा बँड गायला. ज्याचा सख्खा भाऊ वर्णद्वेष्ट्यांच्या नादी लागून संपला, त्याच्या मनात त्या व्यासपीठावर काय चालले असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पंकच्या जगात गरिबीला मान होता. तेव्हा जोने आपली निवासी शाळा, वडिलांची सरकारी नोकरी, सारे दडवले. बोलण्याची ढबही बदलली. रिकाम्या घरातल्या जुन्या मित्रांनाही तो टाळू लागला. वृत्तपत्रांनी ते उकरून काढलेच! हे वाचले तेव्हा मी अंथरुणावर उठून बसलो. हा सुखवस्तू घरचा मुलगा गरीब दिसण्यासाठी धडपडत होता, आणि इकडे मी सुखवस्तू दिसण्यासाठी. दिशा उलट, पण खोटे एकच.

'लंडन कॉलिंग' जन्मला तो अडचणीतून. 1979 च्या सुरुवातीला बँडजवळ व्यवस्थापक नव्हता, सरावाची जुनी जागा गेली होती, नवी गाणी सुचत नव्हती. पिम्लिको भागात एका गॅरेजच्या मागे त्यांना खोली मिळाली. तेथे रोज सराव, मधल्या वेळात फुटबॉल, पुन्हा सराव. यातून गाणी वाहू लागली. ध्वनिमुद्रण हायबरी येथील वेसेक्स स्टुडिओत झाले. निर्माता गाय स्टीव्हन्स हा वल्लीच. वादकांना चेव यावा म्हणून तो खुर्च्या भिरकावी, शिड्या आदळी. दारूने पोखरलेला हा माणूस 1981 मध्ये वारला. परंतु या अल्बममधला जिवंतपणा बराचसा त्याचा आहे.

14 डिसेंबर 1979 रोजी अल्बम बाजारात आला. दोन तबकड्या, एकोणीस गाणी, आणि किंमत मात्र एकाच तबकडीची, सुमारे 5 पौंड. बेकार पोरांना परवडावे म्हणून बँडने कंपनीशी झगडून हे घडवले. शेवटचे गाणे इतक्या उशिरा आले की वेष्टनावर त्याचे नावच नाही! वेष्टनावर पेनी स्मिथ यांनी न्यूयॉर्कमध्ये टिपलेले छायाचित्र आहे : पॉल सिमोनन आपले बेस गिटार जमिनीवर आपटतो आहे. छायाचित्र जरा अस्पष्ट आले म्हणून ते घेऊ नये असे स्मिथबाईंना वाटत होते. जो मात्र हट्टाला पेटला. अक्षरांची गुलाबी-हिरवी मांडणी एल्विस प्रेस्लीच्या 1956 च्या अल्बमवरून घेतलेली आहे.

नाव घेतले आहे बी.बी.सी.च्या युद्धकाळातल्या घोषणेवरून. ती घोषणा जगाला धीर देई. जोचे गाणे मात्र धोक्याची घंटा वाजवते. मार्च 1979 मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथे अणुभट्टीला अपघात झाला होता, आणि थेम्स नदीला पूर येऊन लंडन बुडेल अशी धास्ती होती. ती सारी भीती त्या गाण्यात आहे. पण पुढे ऐकत जावे तर काय नाही? जमैकाचे रेगे आणि स्का, अमेरिकेचे जुने रॉक अँड रोल, थोडे जॅझ, स्पेनचे यादवी युद्ध. सुपरबाजारात हरवलेल्या मुलाचे गाणे जोने लिहिले ते मिकचे बालपण मनात आणून, आणि गायला दिले मिकलाच. पंक म्हणजे अमुकच, हे कुंपण या अल्बमने मोडले. मला वाटते, येथे जोने सोंग घेणे सोडले. कैरो, मेक्सिकोत वाढलेल्या मुलाला साऱ्या जगाचे संगीत आपले वाटले, आणि त्याने ते लपवले नाही.

पुढचे आयुष्य चढउतारांचे. 1983 मध्ये त्याने मिकलाच बँडमधून काढले. 1986 मध्ये बँड संपला. ही आपली मोठी चूक होती हे जोने नंतर मान्य केले. 1999 पासून 'मेस्कॅलेरोज' या नव्या बँडबरोबर तो पुन्हा उभा राहिला. 15 नोव्हेंबर 2002 रोजी संपावर असलेल्या अग्निशामक दलाच्या जवानांसाठी त्याने लंडनच्या ॲक्टन टाऊन हॉलमध्ये कार्यक्रम केला. प्रेक्षकांत मिक होता. तो उठला, रंगमंचावर गेला आणि जवळजवळ वीस वर्षांनी दोघे एकत्र वाजवू लागले. त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी जो गेला.

आता राहिलेली गोष्ट. माझे वडील गवंडी आहेत. गेल्या वर्षी ते भाकरी-चटणीचे गाठोडे घेऊन मला भेटायला आले, तेव्हा मी त्यांना फाटकाबाहेरूनच परत पाठवले. कपड्यांवर सिमेंटचे डाग होते म्हणून. ते काही बोलले नाहीत. या दिवाळीत घरी गेलो तेव्हा त्यांना ते गाणे ऐकवले. हा माणूस इतका का ओरडतो असे त्यांनी विचारले. मी अर्थ सांगितला. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, की ठोका मात्र चुकत नाही याचा.

हा अंक वसतिगृहात सगळेच वाचतील. वडिलांनाही मी तो वाचून दाखवणार आहे, आणि या खेपेस ते आले की त्यांना खोलीत घेऊन जाणार आहे. जो स्ट्रमरच्या स्मृतीस माझे अभिवादन!