बीडीडी चाळी बांधणारा गव्हर्नर, ज्याच्या खोल्यांत राहायला कुणी तयार नव्हतं

मालवण, कणकवली, सावंतवाडीकडच्या बऱ्याच घरांत एक तरी पत्ता पाठ असतो. वरळी, नायगाव नाहीतर डिलाईल रोडची बीडीडी चाळ, अमुक नंबर. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, हेही अनेकांना माहीत असतं. पण ते सुरू करणारा माणूस कोण?

त्याचं नाव जॉर्ज लॉइड. जन्म १९ सप्टेंबर १८७९, इंग्लंडमधल्या लॉइड्स बँकेच्या घराण्यात. केंब्रिजला गेला, पण पदवी न घेताच बाहेर पडला आणि तुर्कस्तान, अरबस्तानकडे फिरला. १९१० मध्ये खासदार झाला. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीत लढला, लॉरेन्स ऑफ अरेबियासोबतही काम केलं. डिसेंबर १९१८ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला, तेव्हा वय होतं फक्त ३९.

मुंबई तेव्हा इन्फ्लुएंझाच्या साथीतून नुकती उठत होती. महागाई भडकलेली, आणि जानेवारी १९१९ मध्ये लाखाच्या वर गिरणी कामगार संपावर गेले. एकेका खोलीत दाटीवाटीनं माणसं राहत होती.

तिकडे ब्रिटनमध्ये युद्धावरून परतलेल्या सैनिकांना चांगली घरं देण्याचं वचन सरकारनं दिलं होतं. १९१९ मध्ये कायदा आला आणि नगरपालिकांनी सरकारी पैशातून घरं बांधायला घेतली. मुंबईतही सरकारनंच घरं बांधायची, असं लॉइडनं ठरवलं. १९२० मध्ये नवं खातं उभं राहिलं. आकडा होता ५०,००० खोल्या, ६२५ चाळी. त्यासाठी कर्ज काढलं आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला.

फरक बघा. ब्रिटिश कामगाराला दोन-तीन बेडरूम आणि पुढेमागे बाग. इथल्या कामगाराला १६० चौरस फुटांची एक खोली, एका इमारतीत अशा ८० खोल्या आणि मजल्यावर सामायिक संडास. हेतू चांगला असेलही, पण माणसामाणसांत केलेला हा भेद नजरेआड करता येत नाही.

त्यात खर्च वाढत गेला. याच खात्यानं बॅकबेत समुद्र बुजवून ११४५ एकर जमीन काढायला घेतली होती, ते कामही फसलं. वीर नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. लॉइड मात्र १९२३ मध्येच मायदेशी परतला होता. शेवटी चाळी उभ्या राहिल्या २०७. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीत १२.

आणि राहायला माणसं येईनात! भाडं परवडत नव्हतं, वरळी तेव्हा आडबाजूला होती. कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात सरकारनं वरळीतल्या काही चाळी चक्क तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या. कामगारांसाठी बांधलेल्या घरांत सत्याग्रही कोंडले गेले. मार्च १९२२ मध्ये गांधीजींना अटक झाली, तीही लॉइडच्याच कारकिर्दीत.

पुढे तो इजिप्तमध्ये ब्रिटनचा हाय कमिशनर झाला, १९४० मध्ये चर्चिलच्या सरकारात वसाहतमंत्री झाला आणि ४ फेब्रुवारी १९४१ ला वारला. सिंधमधल्या सक्कर बराजला आणि भोरजवळच्या भाटघर धरणाला त्याचं नाव मिळालं. चाळींना ते कुणी दिलं नाही. डिलाईल रोडला पुढे नाव मिळालं ना. म. जोशींचं. हे कामगार पुढारीही १८७९ चेच, गोरेगावचे, पण कुलाबा जिल्ह्यातल्या.

शहरात गर्दी वाढली तशा खोल्या भरल्या. सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. मालवण, वेंगुर्ल्याहून बोटीनं आलेला चाकरमानी भाऊच्या धक्क्यावर उतरायचा आणि गाववाल्याची खोली शोधत यायचा. एकाच्या खोलीत दहा जण, कुणी दिवसपाळीला, कुणी रातपाळीला. गिरणीतली नोकरी, गावची मंडळं, भजनं, गणपतीला गावी जायची तयारी, सगळं त्या १६० फुटांत चालायचं. घाटावरचे, दलित, पोलिसांची कुटुंबं, सगळे शेजारी.

एप्रिल २०१७ मध्ये पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ रहिवाशांना चाव्या मिळाल्या, प्रत्येकाला ५०० चौरस फुटांचं घर. संडास आता घरातच आहे.