पहिले न सुरू होणारे इंजिन

पहिला पाऊस पडून वाफसा आला, की शेतकऱ्याला दिवस पुरत नाही. नेमका अशाच वेळी उन्हाळाभर गोठ्यालगत उभा असलेला जुना ट्रॅक्टर हटून बसतो. सेल्फ मारला की इंजिन दोन-चार फेरे घेते, गुरगुरते आणि गप्प होते. मग तालुक्याच्या गावी मिस्त्रीला निरोप जातो. जाणता मिस्त्री आल्याबरोबर इंजिन उघडायला बसत नाही. तो आधी बॅटरीची टर्मिनले तपासतो, टाकीत डिझेल आहे का ते पाहतो, इंजिन बंद करण्याची दांडी ओढलेली राहिली नाही ना याची खात्री करतो. नंतर पुन्हा सेल्फ मारायला सांगून धुराड्यातून धूर येतो का आणि आला तर कोणत्या रंगाचा, एवढेच पाहत उभा राहतो. त्याच्या मनात तीनच प्रश्न असतात. इंजिनाला हवा पुरेशी मिळते का? ती हवा पुरेशी दाबली जाते का? आणि इंधन योग्य क्षणी सिलिंडरात पोहोचते का?

हे तीन प्रश्न १८९३ ते १८९७ या काळात जर्मनीतील ऑग्सबर्ग येथील एका कारखान्यात प्रथम विचारले गेले. तेथे उभे असलेले इंजिन जुने नव्हते. ते जगातील आपल्या जातीचे पहिलेच होते आणि काही केल्या सुरू होत नव्हते. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाचे नाव होते रुडॉल्फ डिझेल. आज हे नाव उच्चारले की पेट्रोल पंपावरचे इंधन आठवते. त्यामागचा माणूस मात्र विस्मृतीत गेला आहे.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील थिओडोर हे मूळचे ऑग्सबर्गचे. पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तू बनविणे हा त्यांचा व्यवसाय. घरची स्थिती बेताची होती. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन वंशाच्या या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावे लागले. तेथे निभाव लागेना, तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी एकट्यालाच ऑग्सबर्गला पाठविण्यात आले. गणिताचे शिक्षक असलेल्या बार्निकेल नावाच्या नातलगांच्या घरी तो राहिला. आपण अभियंताच व्हायचे, हे त्याने चौदाव्या वर्षीच आईवडिलांना कळविले होते.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाला. शीतकरण यंत्रांचे प्रवर्तक कार्ल फॉन लिंडे हे तेथे त्याचे गुरू होते. लिंडे यांच्या व्याख्यानांतून त्याला उमगले, की ज्या वाफेच्या इंजिनावर सारे युरोप चालले होते, ते कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के उष्णता कामी लावते. उरलेली वाया जाते. या उधळपट्टीवर उपाय शोधण्याचा ध्यास त्याने तेव्हापासून घेतला. १८८० साली अत्युच्च गुणांनी पदवी मिळवून त्याने लिंडे यांच्याच बर्फ तयार करण्याच्या व्यवसायात नोकरी धरली. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी त्याचा विवाह झाला. नोकरी सांभाळून तो वाफेऐवजी अमोनियावर चालणाऱ्या इंजिनाचे प्रयोग करीत राहिला. त्यात यश आले नाही. अखेर त्याची दृष्टी साध्या हवेकडे वळली.

सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंप तापतो, हा अनुभव सर्वांनाच आहे. हवा दाबली की ती तापते. मग ती इतकी दाबावी की तिच्यात इंधनाचा फवारा पडताच ते आपोआप पेट घेईल, ही रुडॉल्फची मूळ कल्पना. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने आग लागते. येथे ठिणगीची गरजच नव्हती. आजच्या डिझेल इंजिनात हवा तिच्या मूळ आकारमानाच्या साधारण पंधराव्या ते विसाव्या हिश्शात कोंबली जाते आणि तिचे तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या वर जाते. बॅटरी उतरलेला ट्रॅक्टर सुरू का होत नाही, याचे उत्तरही यातच आहे. इंजिन संथ फिरले, तर दाबलेल्या हवेला फटींतून निसटायला आणि तिच्यातील उष्णतेला थंड लोखंडात मुरायला वेळ मिळतो. हवा तापतच नाही, मग इंधन पेटणार कसे?

२३ फेब्रुवारी १८९३ रोजी त्याला या कल्पनेचे पेटंट मिळाले. ऑग्सबर्गचा यंत्रकारखाना आणि पोलादसम्राट क्रुप यांनी पैसा व साधने पुरविण्याचे मान्य केले. कारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुझ यांनी त्याच्यावर टाकलेला विश्वास पुढील चार वर्षे ढळला नाही. त्याच उन्हाळ्यात पहिले इंजिन उभे राहिले आणि अडचणींची मालिका सुरू झाली.

पहिली अडचण दाबाची. कारखान्याच्या पट्ट्याने इंजिन बाहेरून फिरविले, तर कागदावर मांडलेला दाब सिलिंडरात मिळेना. हवा कोठून ना कोठून निसटत होती. आजचा मिस्त्री यालाच कॉम्प्रेशन गेले, असे म्हणतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, लायनर घासला किंवा झडपा नीट बसेनाशा झाल्या, की जुन्या ट्रॅक्टरची तीच गत होते. अशा वेळी धुराड्यातून पांढरा धूर येतो. इंधन आत पोहोचते, पण न जळताच बाहेर पडते. सिलिंडरात थोडेसे वंगणतेल सोडून पाहिले आणि तेवढ्याने इंजिन लागले, तर दोष रिंगांत आहे हे अनुभवी हात ओळखतात. रुडॉल्फपाशी असा कोणाचाही अनुभव नव्हता. एकेक सांधा आणि एकेक झडप त्याला स्वतःच तपासावी लागली.

१० ऑगस्ट १८९३ रोजी त्याने सिलिंडरात प्रथम इंधन सोडले. क्षणार्धात स्फोट झाला. दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. सुदैवाने कोणी दगावले नाही. इंजिन चालले नाही. पण केवळ दाबलेल्या हवेने इंधन पेटते, हे त्या स्फोटाने सिद्ध केले. पुन्हा सारे सुटे भाग काढून नवी जुळवाजुळव झाली. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी, बाहेरच्या पट्ट्याने फिरणारे इंजिन अचानक स्वतःच्या बळावर फिरू लागले. पट्ट्याचा ताण उलटल्याचे प्रथम एका कामगाराच्या लक्षात आले आणि त्याने न बोलता डोक्यावरची टोपी काढली, अशी आठवण सांगितली जाते. इंजिन जेमतेम एक मिनिट चालले. त्या मिनिटात त्याने ८८ फेरे घेतले.

दुसरी अडचण याहून चिवट होती. आधीच प्रचंड दाबाखाली असलेल्या हवेत इंधन बारीक फवाऱ्याच्या रूपाने, अचूक क्षणी आणि अचूक मापाने शिरवायचे कसे? त्या काळच्या पंपांना ते जमेना. शेवटी अधिक दाबाच्या हवेच्या झोताने इंधन आत फुंकण्याचा मार्ग त्याला पत्करावा लागला. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर हवा, म्हणून इंजिन अवजड झाले. हल्लीच्या ट्रॅक्टरवर हे काम डिझेल पंप आणि नोझल करतात. तरीही बंद पडलेल्या जुन्या ट्रॅक्टरचे दुखणे बहुधा इंधनाच्या वाटेवरच सापडते. फिल्टर तुंबतो, टाकीत पाणी साठते किंवा नळीत हवा शिरते. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. त्यामुळे पंपाचा सारा जोर त्या बुडबुड्यातच जिरतो आणि नोझलपर्यंत डिझेल पोहोचत नाही. धुराड्यातून धूर मुळीच येत नसेल, तर मिस्त्री प्रथम ही हवा काढतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हाताच्या पंपाने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू देतो, मग पंपावरचा स्क्रू, शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांच्या चाक्या. हा क्रम चुकला, तर सारे श्रम फुकट जातात.

रुडॉल्फनेही क्रम सोडला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम पाहायचा, नोंद करायची आणि पुढे जायचे. इंजिन दोनदा जवळजवळ नव्याने बांधले गेले. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी त्याची अधिकृत चाचणी घेतली. इंधनातील २६.२ टक्के उष्णता कामी लागत असल्याचे आढळले. वाफेच्या इंजिनाची सद्दी संपत आल्याची ती खूण होती. ते इंजिन आज म्युनिकच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

यश आले आणि त्याबरोबर पैसाही. अमेरिकेतील बिअर उद्योजक अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्क मोजून अमेरिका आणि कॅनडापुरते हक्क घेतले. युरोपातील कारखान्यांनीही परवाने घेतले. पण एका कुशल चमूच्या देखरेखीखाली चालणारे इंजिन वेगळे आणि गिऱ्हाइकाच्या आवारात रोज चालणारे इंजिन वेगळे. ऑग्सबर्गला खास या इंजिनांसाठी काढलेल्या नव्या कारखान्यातून बाहेर पडलेली यंत्रे सदोष निघाली आणि त्याला उत्पादन थांबवावे लागले. पेटंटवरून खटले झाले, समव्यवसायिकांची टीका झाली. १८९८ च्या सुमारास रुडॉल्फची प्रकृती ढासळून त्याला आरोग्यधामात राहावे लागले.

या इंजिनामागे त्याचे एक सामाजिक स्वप्न होते. वाफेचे इंजिन अवाढव्य आणि महाग. ते केवळ बड्या कारखानदाराला परवडे. त्यामुळे लहान कारागीर नेस्तनाबूत होत होता. विणकर, सुतार, लोहार यांना आपल्या घरच्या दुकानात चालविता येईल असे काटकसरी इंजिन द्यावे, म्हणजे त्यांची स्वतंत्र रोजी टिकेल, असे त्याला वाटे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. आपल्या शेतात पिकलेल्या तेलावर शेतकऱ्याचे यंत्र चालावे, ही शक्यता त्याला मोलाची वाटत होती. १९०३ मध्ये त्याने कामगारांच्या सहकारी अर्थव्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला. दहा हजार प्रती छापल्या गेल्या, खपल्या काही शेच. प्रत्यक्षात त्याचे अवजड इंजिन वीजकेंद्रांत, कारखान्यांत आणि १९१२ पासून 'सेलँडिया'सारख्या महासागर ओलांडणाऱ्या जहाजांत जाऊन बसले. लहान माणसापर्यंत ते त्याच्या हयातीत पोहोचले नाही.

यंत्राच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला हा माणूस व्यवहारात मात्र वाहवत गेला. जमिनींच्या सौद्यांत आणि तेलविहिरींत त्याने घातलेला पैसा बुडाला. म्युनिकमधील आलिशान बंगल्याचा खर्च चालूच होता. १९१३ मध्ये इंजिनाच्या जन्माची हकीकत सांगणारे पुस्तक त्याने प्रसिद्ध केले. त्यात फसलेल्या प्रयोगांची कबुली मोकळेपणाने दिली. घरचा हिशेब मात्र त्याने पत्नीलाही कळू दिला नाही.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला तो अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' या बोटीवर चढला. इंग्लंडमध्ये त्याच्या इंजिनाच्या कंपनीचे काम होते. सोबतच्या दोघांबरोबर जेवण करून, सकाळी लवकर उठविण्यास सांगून तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळी खोली रिकामी होती, अंथरुणाला अंगही लागलेले नव्हते. टोपी आणि ओव्हरकोट डेकवर सापडले. काही दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना समुद्रात मृतदेह दिसला. खिशातील वस्तू काढून घेऊन त्यांनी देह पुन्हा लाटांच्या स्वाधीन केला. त्या वस्तू धाकट्या मुलाने वडिलांच्या म्हणून ओळखल्या. निघताना पत्नीजवळ ठेवावयास दिलेल्या बॅगेत वीस हजार मार्कांच्या नोटा आणि रिकाम्या झालेल्या खात्यांचे कागद निघाले. घातपाताच्या वावड्या पुष्कळ उठल्या, अंतिम निर्णय कधीच लागला नाही. मात्र कागदपत्रे आत्महत्येकडेच बोट दाखवितात.

त्याचे स्वप्न इतरांनी पुरे केले. १९२० च्या दशकात जर्मनीत डिझेलवर चालणारा ट्रॅक्टर शेतात उतरला. १९२७ मध्ये बॉश कंपनीचा इंधनपंप कारखान्यातून बाहेर पडू लागला आणि अवजड कॉम्प्रेसरची गरज संपली. १९३३ साली जपानमध्ये मागोकिची यामाओका यांनी शेतकऱ्याला परवडेल असे छोटे डिझेल इंजिन तयार केले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि महाराष्ट्रातील विहिरींवर मोटेच्या जागी इंजिनाची धडधड ऐकू येऊ लागली. १९५९ साली फरिदाबादेत आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. त्याची मूळ जर्मन कंपनी रुडॉल्फ जेथे शिकला त्या म्युनिकजवळचीच.

यामाओका यांनी कृतज्ञता म्हणून ऑग्सबर्गला जपानी पद्धतीचे एक स्मारक-उद्यान भेट दिले. १९५७ पासून ते तेथे आहे. समुद्राने गिळलेल्या माणसाला समाधी नाही. ही शिळा आहे. शिवाय पेरणीच्या तोंडावर एखादा मिस्त्री धूर पाहतो, नळीतली हवा काढतो आणि दाब तपासतो, तेव्हा तो नकळत रुडॉल्फच्याच वाटेने चाललेला असतो. यंत्राला क्रमाने प्रश्न विचारले, की ते आपला दोष सांगून टाकते. रुडॉल्फचे दुखणे वेगळे होते. त्याच्याविषयी त्याला कोणी विचारले नाही आणि त्यानेही ते कोणाला सांगितले नाही.